एकाच शहरात हादरे वेगवेगळे का बसतात?

प्रश्न : भूकंप कधी होईल हे कुणालाच सांगता येत नाही, असं शास्त्रज्ञच म्हणतात. मग मोठ्या शहरात कुठल्या भागाला किती जोराचे हादरे बसतील, याचे नकाशे ते कशाच्या आधारावर काढतात? आणि मुंबई तर काळ्या पाषाणावर उभी आहे, तिथं अशा नकाशाची गरज काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. भूकंप कधी होणार, याचं उत्तर आज कुणापाशीच नाही. तारीख-वेळ सांगणाऱ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. मात्र अमुक ठिकाणी अमुक एवढा भूकंप झालाच, तर शहराच्या कोणत्या भागातली जमीन कशी हलेल, हे पुष्कळसं आधी सांगता येतं. प्रस्तरभंग कुठून जातो, शहराखाली खडक किती खोल आहे, त्यावर गाळ किती साचला आहे, या गोष्टी भूकंपाची वाट न पाहता मोजता येतात. या दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष जातं, याचं मला वाईट वाटतं, कारण इमारत कशी बांधायची हे त्याच्याच उत्तरावरून ठरतं.

मेक्सिको सिटीचं उदाहरण घेऊ. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर ८.० महत्तेचा भूकंप झाला. राजधानी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर. इतक्या अंतरावर लहरींचा जोर ओसरायला हवा होता, आणि शहराच्या दक्षिणेला, लाव्हाच्या खडकावर वसलेल्या विद्यापीठाच्या परिसरात तो ओसरलाही होता. पण शहराच्या मध्यभागी शेकडो इमारती कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. अझ्टेक लोकांची राजधानी टेक्सकोको सरोवरातल्या बेटावर होती. पुढे स्पॅनिश राजवटीत सरोवर आटवत नेलं आणि आजच्या शहराचा मोठा भाग त्याच तळावरच्या मऊ, पाण्यानं भरलेल्या चिकणमातीवर उभा राहिला. तिथल्या यंत्रांनी नोंदवलेला धक्का विद्यापीठातल्या धक्क्याच्या जवळजवळ पाचपट होता.

असं का घडलं, ते साध्या हिशेबानं कळतं. खडकात आडव्या हादऱ्यांच्या लहरी सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगानं धावतात. त्या चिकणमातीत त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम ८० मीटर. वेग मंदावला की तीच ऊर्जा वाहून नेण्यासाठी जमिनीला अधिक जोरानं हलावं लागतं. शिवाय प्रत्येक थराला स्वतःचा एक ठेका असतो. थराच्या जाडीची चौपट करून तिला लहरीच्या वेगानं भागलं की तो मिळतो. जाडी सुमारे ४० मीटर धरली तर १६० भागिले ८०, म्हणजे दोन सेकंद. दूरवरून आलेल्या लहरींत नेमक्या दोन सेकंदांच्या आसपासच्या आंदोलनांचा भरणा होता. झोपाळ्याला दर खेपेस अचूक वेळी रेटा द्यावा, तशी ती जमीन झुलत गेली, आणि बराच वेळ झुलत राहिली.

इमारतींनाही असाच ठेका असतो. मजल्यांच्या संख्येला दहानं भागा, ढोबळमानानं तेवढे सेकंद. दहा मजली इमारतीचा एक सेकंद येतो, पण भिंती-खांबांना तडे जाऊ लागले की इमारत सैल होते आणि तिचा ठेका लांबत दोनकडे सरकतो. म्हणून त्या दिवशी सर्वाधिक बळी पडल्या त्या साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती. बैठी घरं बरीचशी वाचली, आणि ४४ मजली लॅटिनो-अमेरिकाना मनोराही उभाच राहिला.

यावरून ‘मऊ जमीन म्हणजे धोका’ एवढाच अर्थ काढला तर फसगत होते. २०१५च्या २५ एप्रिलला नेपाळमध्ये ७.८ महत्तेचा भूकंप झाला. काठमांडूही जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेलं आहे. पण तिथली जमीन मुख्यतः चार-पाच सेकंदांच्या संथ लयीत हलली. शहरातली बहुतेक घरं दोन-चार मजली, म्हणजे त्यांचा ठेका याच्या जवळपासही नाही. हानी मोठी झाली, धरहरा मनोरा पडला, तरी शहरासाठी जी भीती वर्षानुवर्षं व्यक्त होत होती, तिच्या मानानं ती कमी होती. खुद्द मेक्सिको सिटीत २०१७ साली, पुन्हा १९ सप्टेंबरलाच, ७.१ महत्तेचा भूकंप झाला. या वेळी तो शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत होता, त्यामुळे लहरी जलद आंदोलनांच्या होत्या. गाळाचा थर जिथं कमी जाडीचा आहे, तिथल्या चार ते आठ मजल्यांच्या इमारतींना फटका बसला. शहर तेच, माती तीच, पण कोसळलेल्या इमारती निराळ्या.

म्हणूनच चांगला नकाशा एका रंगाचा नसतो. बैठ्या घरांसाठी एक, मध्यम उंचीच्या इमारतींसाठी दुसरा, मनोऱ्यांसाठी तिसरा, असे नकाशे लागतात. ते करण्यासाठी बोअर घेऊन थर तपासतात, रहदारी आणि समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत सतत चालू असलेली सूक्ष्म कंपनं मोजून थराचा ठेका काढतात. लॉस एंजेलिससारख्या शहरासाठी तर खाली काही किलोमीटर खोल गाळानं भरलेल्या खोऱ्याची त्रिमितीय प्रतिकृती करतात आणि सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावर काल्पनिक भूकंप घडवून महासंगणकावर त्याच्या लहरी सोडतात. लहरी खोऱ्यात अडकून पुन्हापुन्हा कशा फिरतात, ते त्यात दिसतं. १९९५च्या कोबे भूकंपात सर्वाधिक विध्वंस झालेला अरुंद पट्टा प्रस्तरभंगाच्या थेट वर नव्हता. खोऱ्याच्या काठाशी दोन वाटांनी आलेल्या लहरी तिथं एकमेकींत मिसळून बळावल्या होत्या. नुसत्या अंतराच्या सूत्रानं हे कधीच सापडलं नसतं.

या गणितांची मर्यादाही सांगायला हवी. सेकंदाहून लांब आंदोलनांचं गणित आता बरंच विश्वासार्ह आहे. बैठ्या घरांना हलवणाऱ्या जलद आंदोलनांसाठी जमिनीचे जितके बारीक तपशील लागतात तितके कुणाकडेच नाहीत. तिथं जुन्या नोंदींवरून बसवलेली सूत्रं वापरतात, आणि प्रत्यक्ष धक्का अंदाजाच्या निम्मा किंवा दुप्पट निघाला तरी कुणाला आश्चर्य वाटत नाही.

आता मुंबई. खाली बेसॉल्ट आहे हे खरं, पण सात बेटं जोडताना भरलेली खाड्यांची जागा, दलदल, समुद्री चिकणमाती हेही त्याच शहरात आहे. भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या विभागात आहे. १९६७च्या कोयना भूकंपाचा धक्का इथं जाणवला होता. आणि दूरच्या भूकंपाचं म्हणाल, तर २६ जानेवारी २००१ला कच्छात ७.७ महत्तेचा भूकंप झाला तेव्हा सुमारे २४० किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून सातशेहून अधिक माणसं दगावली. साबरमतीचा गाळ आणि तळमजल्यावर पार्किंगसाठी भिंतींशिवाय सोडलेले खांब, दोन्ही कारणं तिथं एकत्र आली. २०११मध्ये जपानच्या ईशान्येला झालेल्या भूकंपात तर सुमारे ७७० किलोमीटर दूरच्या ओसाकातली ५५ मजली सरकारी इमारत जवळपास दहा मिनिटं डोलत होती.

ठाण्यात खाडीकाठी घर घेत असाल, तर बिल्डरकडे मातीपरीक्षणाचा अहवाल जरूर मागा. खडक किती मीटरवर लागला आणि वरच्या थराचा प्रकार कोणता, हे त्यात लिहिलेलं असतं. मग स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा : या मातीचा ठेका किती सेकंदांचा, आणि आमच्या इमारतीचा किती?