हातभर बोटीला विमा कशाला?

प्रश्न : माझे बाबा माझगाव डॉकमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. सध्या ते इंग्लंडला माझ्या ताईकडे, बर्मिंगहॅमजवळ राहायला गेले आहेत. घराजवळच्या बागेत एक तळं आहे. रविवारी सकाळी तिथे काही मंडळी स्वतः बांधलेल्या छोट्या बोटी रिमोटवर चालवतात. ते पाहून बाबांनीही वाफेवर चालणारी एक टग बोट बांधायला घेतली आहे. पण क्लबच्या चिटणीसांनी सांगितलं, की 'पब्लिक लायबिलिटी' विमा असल्याशिवाय बोट पाण्यात सोडता येणार नाही. बाबा जरा दुखावले आहेत. हातभर बोट कुणाचं काय वाईट करणार? हा विमा नेमका कशाचा, तो कुठे काढतात, आणि बोट भारतात आणली तर तो इथे चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बाबांना आधी एवढं सांगा, की चिटणीसांनी त्यांच्या हातावर शंका घेतलेली नाही. हा विमा बोटीचा नसतोच. बोट बुडाली, चोरीला गेली, दुसऱ्या बोटीवर आपटून फुटली, तर या विम्यातून बाबांना एक पेनीही मिळणार नाही. काठावरच्या तिऱ्हाइताला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूची नासधूस झाली आणि त्याला बोट चालवणारा कायद्याने जबाबदार ठरला, तर ती भरपाई विमा कंपनी भरते. आपल्या स्कूटरच्या कागदांत जो 'थर्ड पार्टी' विमा असतो, त्याच कुळातला हा.

स्कूटरला मात्र तो सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये बोटीच्या छंदाला अशी सक्ती करणारा कायदा नाही. पगारी नोकर ठेवणाऱ्याला तिथे १९६९च्या कायद्याप्रमाणे किमान ५० लाख पौंडांचा विमा काढावाच लागतो, पण बहुतेक बोट क्लबांत कुणी पगारी नसतं, सगळे हौशीच. मग सक्ती करतं कोण? तळ्याचा मालक. तळं नगरपालिकेचं असतं, पाणीपुरवठा कंपनीचं असतं किंवा एखाद्या खाजगी इस्टेटीचं. ही मंडळी क्लबला परवानगी देताना विम्याचं प्रमाणपत्र मागतात आणि दरवर्षी नवं मागतात. प्रमाणपत्र नाही तर तळं नाही. एका सभासदाने विम्याशिवाय बोट सोडली आणि काही घडलं, तर साऱ्या क्लबची जागा जाऊ शकते. चिटणीसांचा आग्रह त्यासाठी आहे.

आता 'हातभर बोट काय करणार' याबद्दल. शंका रास्त आहे आणि उत्तर वजनात आणि वेगात आहे. शर्यतीच्या शिडाच्या बोटींत 'इंटरनॅशनल वन मीटर' नावाचा एक वर्ग जगभर खेळला जातो. लांबी एक मीटर, वजन किमान ४ किलो. ती सेकंदाला दीड मीटर वेगाने येऊन आदळली तर धक्क्याची ऊर्जा साडेचार ज्यूल भरते. एखाद्याच्या नडगीला लागली तर खरचटेल. आता ३ किलोची विजेवर पळणारी स्पीडबोट घ्या, वेग ताशी ६० किलोमीटर. तिची ऊर्जा सुमारे ४१७ ज्यूल, म्हणजे नव्वदपटीहून जास्त. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणून हलकी बोट जड बोटीपेक्षा घातक ठरते. खांबाला तारेने बांधून गोल पळवायच्या हायड्रोप्लेन बोटींचा एक जुना प्रकार आहे. त्यातल्या वेगवान बोटी ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातात. तार तुटली तर बोट सरळ रेषेत सुटणार. त्यामुळे अशा ठिकाणी माणसं जाळीमागेच उभी असली पाहिजेत. अनेक क्लबांच्या नियमांत आणि विम्यातही अशा वेगवान बोटींच्या अटी वेगळ्या असतात.

बाबांची टग माणसाच्या चालीने जाणार. तिच्याकडून कुणाला टक्कर बसण्याची भीती कमी. पण बोटीला पाणी लागायच्या आधीही जबाबदारी सुरू झालेली असते. बोट ठेवायची घोडी आणि हत्यारांची पेटी पायवाटेवर राहिली आणि त्यात अडखळून एखाद्या आजींचं मनगट मोडलं, तर तोही याच विम्याचा दावा. रेडिओचा संपर्क तुटून टग वल्ह्यांच्या होडीखाली गेली, कुणी घाबरून पाण्यात पडलं, तर तोही. रेडिओवरून आठवलं. बाबांनी इथून जुना सेट नेला असेल तर तो कोणत्या लहरींवर चालतो ते पाहून घ्या. ब्रिटनमध्ये ३५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा फक्त मॉडेल विमानांसाठी राखलेला आहे. तो बोटीसाठी वापरणं बेकायदा तर आहेच, पण त्याने जवळपास उडणारं एखादं विमान ताब्याबाहेर जाऊन माणसांवर कोसळू शकतं. आजचे २.४ गिगाहर्ट्‌झचे सेट घेतले की हा प्रश्न उरत नाही.

जबाबदार ठरणं म्हणजे काय, हे इंग्रजी कायद्यात खटल्यांमधून घडत गेलं. १९३२च्या 'डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन' या खटल्यात लॉर्ड ॲटकिन यांनी तत्त्व मांडलं, की आपल्या कृतीची झळ ज्याला थेट पोहोचू शकते अशा प्रत्येकाची वाजवी काळजी घेणं आपलं कर्तव्य आहे. पण छंदाच्या माणसाने वाचावा असा खटला दुसराच आहे, 'बोल्टन विरुद्ध स्टोन'. १९४७च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या चीटम क्रिकेट क्लबच्या मैदानातून फटकावलेला चेंडू कुंपणावरून बाहेर गेला आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या एका बाईंना लागला. त्यांनी क्लबवर दावा लावला. पहिल्या न्यायालयात क्लब जिंकला. अपिलात बाई जिंकल्या. १९५१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पुन्हा क्लबच्या बाजूने निकाल दिला. कारण असं, की सुमारे तीस वर्षांत जेमतेम सहा वेळा चेंडू त्या रस्त्यावर गेला होता. इतक्या विरळ धोक्यासाठी क्लबला हलगर्जी म्हणता येणार नाही.

निकाल क्लबच्या बाजूने लागला, पण त्यासाठी तीन न्यायालयं आणि चार वर्षं लागली हे पाहा. दोष नसलेल्यालाही वकील करावा लागतो. पब्लिक लायबिलिटी विम्याचं निम्मं मोल मला इथे दिसतं. दावा खोटा असो वा अवाच्या सवा, तो लढण्याचा खर्च आणि वकील विमा कंपनीचे. भरपाईच्या आकड्याकडे सगळे पाहतात, बचावाच्या या खर्चाकडे फार थोडे.

तळ्यांचे मालक इतके धास्तावलेले का असतात, तेही अशाच एका खटल्यातून समजतं. १९९५ साली चेशायरमधल्या एका सार्वजनिक उद्यानात अठरा वर्षांच्या मुलाने उथळ तळ्यात सूर मारला आणि त्याची मान मोडली. पोहायला मनाई असल्याचे फलक तिथे होते. तरी अपील न्यायालयाने स्थानिक कौन्सिलला जबाबदार धरलं. २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने कौन्सिलची सुटका केली. तोवर आठ वर्षं गेली होती.

क्लबची स्वतःची आणखी एक अडचण असते. असे बरेचसे क्लब कुठेही कंपनी म्हणून नोंदलेले नसतात. इंग्रजी कायद्याच्या नजरेत अशा क्लबला स्वतंत्र अस्तित्वच नाही. त्याच्यावर दावा लावायचा तर तो प्रत्यक्षात माणसांवर, बहुतेकदा समितीवर लागतो. म्हणजे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांच्या राहत्या घरापर्यंत गोष्ट जाऊ शकते. पदरचा वेळ घालून क्लब चालवणाऱ्या माणसांवर ही टांगती तलवार असणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी नव्या माणसाकडे आधी कागद मागितला तर राग येऊ नये.

विमा काढायचा कुठे, याचं उत्तर सोपं आहे. बाजारात एकट्याने हिंडू नये, क्लबचं सभासद व्हावं. ब्रिटनमध्ये हा छंद फार जुना आणि संघटित आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधला वाफेच्या छोट्या बोटींचा क्लब १९०४ सालचा आहे आणि आजही चालू आहे. शिडाच्या बोटींसाठी मॉडेल यॉटिंग असोसिएशन, इंजिनाच्या बोटींसाठी मॉडेल पॉवर बोट असोसिएशन या देशपातळीवरच्या संघटना आहेत. संलग्न क्लबच्या सभासदांना त्यांच्या सामूहिक विम्याचं छत्र मिळतं आणि त्याचा हप्ता वर्गणीतच येतो. हजारो जणांत वाटला गेल्याने तो माणशी अगदी थोडा पडतो. एकट्या माणसाने तेवढ्याच रकमेची पॉलिसी मागितली तर कितीतरी महाग पडेल.

ताईच्या घराच्या विम्यात हे बसेल का, असा विचार मनात येईल. तिथल्या घराच्या पॉलिसीत वैयक्तिक जबाबदारीचं कलम बऱ्याचदा असतं. त्यात जलवाहनं वगळलेली असतात, पण अनेक पॉलिसी मॉडेल बोटींना त्यातून सूट देतात. मात्र हे कलम साधारणपणे त्या घरात कायम राहणाऱ्या कुटुंबीयांसाठी लिहिलेलं असतं, आणि बाबा तिथे पाहुणे आहेत. शिवाय तळ्याच्या मालकाला क्लबच्या नावाचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा त्या वाटेला न जाणं बरं.

सभासद होताना चिटणीसांना दोन-तीन गोष्टी स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काही महिन्यांसाठी परदेशातून आलेल्या माणसाला पूर्ण सभासद करून घेता येतं का? येत नसेल तर पाहुण्याला विम्याचं संरक्षण आहे का, आणि किती दिवस? दुसरं, एका सभासदाकडून दुसऱ्या सभासदाला झालेली इजा धरलेली आहे का? तळ्यावर सर्वांत जवळ उभे असतात ते सोबतीच, आणि काही पॉलिसींत 'तिऱ्हाईत' या शब्दातून नेमके तेच गळतात. मालमत्तेच्या दाव्यात पहिले काही पौंड स्वतः भरायचे असतात का, तेही पाहा.

बाबांच्या स्वतःच्या अंगाला काही झालं तर हा विमा उपयोगी नाही. बंद पडलेली बोट आणायला पाण्यात उतरणं हा या छंदातला खरा धोका आहे. तिथलं पाणी उन्हाळ्यातही इतकं गार असतं, की अंगावर येताच श्वास अडकतो आणि हातपाय चालेनासे होतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचाही संसर्ग होतो. कोकणातल्या शेतकऱ्यांना तो चांगला माहीत आहे. हातावर जखम असेल तर ती झाकावी. बोट आणायला क्लबची होडी किंवा दोरीला बांधलेला चेंडू वापरावा. बाबांनी पाण्यात उतरूच नये.

समजा काही घडलंच. जखमी माणसाला मदत करा, मनापासून दिलगिरी व्यक्त करा. इंग्लंडमध्ये २००६च्या कायद्याने स्पष्ट केलं आहे, की नुसती माफी मागणं म्हणजे हलगर्जीपणाची कबुली नव्हे. मात्र 'चूक माझी, सगळा खर्च मी देतो' असं वचन देऊ नका. ते अधिकार विमा कंपनीचे असतात आणि तसं वचन दिल्यास ती हात वर करू शकते. फोटो, साक्षीदारांची नावं, वेळ टिपून त्याच दिवशी चिटणीसांना कळवा.

भारताबद्दल थोडक्यात. तिथल्या पॉलिसीला भौगोलिक मर्यादा असते. ती इथल्या तळ्यावर चालेल असं धरून चालू नका. आपल्याकडे याच नावाचा १९९१चा कायदा आहे, पण तो भोपाळच्या दुर्घटनेनंतर धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी झाला. बोटीशी त्याचा संबंध नाही. ड्रोनसाठी २०२१च्या नियमांत तिऱ्हाईत विमा आला, बोटींसाठी तसं काही नाही. आपल्या सामान्य विमा कंपन्या हॉटेलं, शाळा, क्लब यांना पब्लिक लायबिलिटी पॉलिसी देतात. तिच्यात एका अपघाताची आणि वर्षभराची अशा दोन मर्यादा लिहिलेल्या असतात. एकट्या हौशी माणसासाठी ती बेतलेली नाही. चार-सहा जण जमून मंडळ नोंदवलं तर मागता येईल. महापालिकेच्या तळ्यावर जाण्याआधी लेखी परवानगी घ्यावीच.

राहिली ती टगची वाफ, आणि तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते. वाफेच्या बोटीला विमा लागू व्हायचा तर बॉयलरच्या चाचणीचं प्रमाणपत्र चालू असावं लागतं. नवा बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरून चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबाला तपासतात, पुढच्या चाचण्यांत दीडपट. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून सांधा फुटला तरी नुसतं गळतं. वाफ असती तर स्फोट झाला असता. बारमधला दाब आणि लिटरमधली क्षमता यांचा गुणाकार करून बॉयलरचा आकार ठरवतात. ३ बार-लिटरपर्यंतच्या लहान बॉयलरचे नियम थोडे सोपे आहेत. ४ बार दाबाचा, ०.६ लिटरचा बॉयलर २.४ भरतो, म्हणजे त्यात बसतो. डॉकमध्ये पाइपांची हायड्रो टेस्ट पाहिलेल्या माणसाला यात नवं काही नाही. पण तिथे स्वतःच्या बॉयलरला स्वतः प्रमाणपत्र देता येत नाही. ते क्लबच्या नेमलेल्या परीक्षकानेच द्यायचं असतं. त्यांना बॉयलर पुरा झाल्यावर बोलावण्यापेक्षा तांब्याचा पत्रा कापायच्या आधी नकाशा दाखवावा, म्हणजे जाडी किंवा सांध्याचा प्रकार चुकला म्हणून पुन्हा बांधावा लागणार नाही. आणि हे प्रमाणपत्र व सभासदत्वाचा कागद, दोन्ही हातात येईपर्यंत टग पाण्यात उतरवू नये.