मॅनेजर शब्द एक, कामे अनेक
(संगणक कंपन्यांतील व्यवस्थापक पदांचा तुलनात्मक परिचय)

मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईच्या संगणक कंपनीत नोकरीला लागली, की चार-पाच वर्षांत घरची मंडळी विचारू लागतात, "मॅनेजर कधी होणार?" प्रश्न स्वाभाविक आहे. बँकेत किंवा सरकारी कचेरीत साहेब होणे म्हणजेच पुढे जाणे, असे आपण पाहत आलो आहोत. संगणक कंपनीत मात्र मॅनेजर या एका शब्दाखाली अनेक निरनिराळी कामे येतात. त्यांतील फरक न समजता पद स्वीकारले, तर उत्तम अभियंता हातचा जातो आणि नाखूष व्यवस्थापक पदरी पडतो. म्हणून विद्यार्थ्यांनी व पालकांनीही हा फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ही व्यक्ती कशाबद्दल जबाबदार आहे, एवढेच विचारावे. समजा, एका बँकेसाठी मोबाइल अ‍ॅप तयार करावयाचे आहे.

१) प्रॉडक्ट मॅनेजर : काय बनवायचे आणि का?
ग्राहकाला आधी वीजबिल भरण्याची सोय द्यावी की कर्जाचा अर्ज, हे ठरविणे याचे काम. अभियंते बहुधा याच्या हाताखाली नसतात. त्यामुळे हुकूम सोडून भागत नाही, पटवून द्यावे लागते. या पदाचे मूळ साबणाच्या धंद्यात आहे. १९३१ साली अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय यांनी एक टिपण लिहून, प्रत्येक मालाची संपूर्ण जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसे असावीत, असे सुचविले. पुढे संगणक कंपन्यांनी हाच विचार उचलला.

२) प्रोजेक्ट मॅनेजर : केव्हा आणि किती खर्चात?
कामाचे तुकडे पाडणे, कोणाचे काम कोणावाचून अडले आहे ते पाहणे, तारीख व खर्च सांभाळणे हे याच्याकडे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात एक अनुभव नोंदविला : रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात ऐनवेळी माणसे वाढविली, तर तो आणखी रखडतो. नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय बोलाचालीच्या वाटा वाढतात. पाच जणांत अशा जोड्या १० होतात, तर दहा जणांत ४५! हे गणित जाणतो तोच चांगला प्रोजेक्ट मॅनेजर.
परस्परांशी निगडित अनेक प्रकल्प पाहणाऱ्यास पुष्कळ ठिकाणी प्रोग्रॅम मॅनेजर म्हणतात. पण मायक्रोसॉफ्टमध्ये याच नावाचा माणूस वस्तू कशी असावी याचा आराखडा लिहीत आला आहे. तेव्हा केवळ नावावर विसंबू नये.

३) इंजिनिअरिंग मॅनेजर : माणसांचे काय?
नेमणूक, कामाचे मूल्यमापन, पगारवाढीची शिफारस, आपसांतील तंटे आणि प्रत्येकाची प्रगती, ही याची जबाबदारी. २००२ साली गूगलने ही पदेच काढून टाकून पाहिली. प्रयोग काही महिनेच टिकला. खर्चाच्या बिलांपासून आपसांतील कुरबुरींपर्यंत सारे प्रश्न थेट संस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागले. पुढे २००९ मध्ये याच कंपनीने चांगल्या मॅनेजरांचा अभ्यास केला, तेव्हा आठ गुण हाती लागले. त्यांत उत्तम मार्गदर्शक असणे पहिले आले आणि तांत्रिक ज्ञान आठवे. तांत्रिक ज्ञान हवेच, पण तेवढ्याने माणसे सांभाळता येत नाहीत.

४) टेक लीड व आर्किटेक्ट : कसे बनवायचे?
अ‍ॅपची रचना, सुरक्षितता आणि कोडचा दर्जा यांबाबतचा तांत्रिक निर्णय यांचा असतो. रजेचे अर्ज मात्र यांच्याकडे येतीलच असे नाही. माणसांचा कारभार न पाहताही मोठे होता येते, हे आयबीएमने १९६० च्या दशकात फेलो हा सन्मान सुरू करून दाखविले. आज अनेक कंपन्यांत स्टाफ इंजिनिअर, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी वेगळी शिडी असते आणि तिच्या वरच्या पायऱ्यांचा पगार मॅनेजरच्या बरोबरीचा असू शकतो.

आपल्याकडील वेगळेपण
१९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसपासून आपल्याकडे सेवा देणाऱ्या कंपन्यांची परंपरा मोठी आहे. तेथे काय बनवायचे हे बहुधा ग्राहक कंपनीच ठरविते. त्यामुळे प्रोजेक्ट मॅनेजर आणि त्याच्यावरचा, अनेक प्रकल्पांची पूर्तता व हिशेब पाहणारा डिलिव्हरी मॅनेजर यांचे महत्त्व अधिक. स्वतःची वस्तू बनवून विकणाऱ्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजरच्या शब्दाला वजन असते. लहान कंपनीत तर एकच माणूस ही सारी कामे करतो.

बढतीचे पत्र हाती आले, तर चार प्रश्न अवश्य विचारावेत.
• काय बनवायचे, हे मी ठरविणार का?
• तारीख चुकली तर जाब कोणाला विचारणार?
• किती जणांच्या पगारवाढीची शिफारस मी करणार?
• स्वतः कोड लिहिण्यास किती वेळ उरेल?

या उत्तरांवरून पदाचे खरे स्वरूप कळेल. ज्याला माणसांत रमता येते त्याने माणसे सांभाळावीत. ज्याचे मन यंत्राच्या कोड्यात रमते त्याने तांत्रिक शिडी निःसंकोच चढावी. आणि पालकांनीही "मॅनेजर कधी होणार?" याऐवजी "कोणते काम तुला चांगले जमते?" असे विचारावे.