‘विश्वविनायक’ आणि चतुर्थी विभक्ती

अजय-अतुल गोगावले या बंधूंचा ‘विश्वविनायक’ हा पहिला गाजलेला ध्वनिसंच २००१ सालचा. गायक शंकर महादेवन व एस. पी. बालसुब्रमण्यम; दोघेही मराठी घरांतले नव्हेत.

त्यातले ‘गणनायकाय’ घ्या. गणपतीची नावे चतुर्थीत ओळीने येतात आणि ‘आय’ हा शेवट पुनःपुन्हा कानी पडतो. विभक्तीच ताल धरते. वाद्यमेळ तिच्या आधाराने चढत जातो. वर्गात रूपे घोकताना ही गंमत मला कधी कळली नव्हती!

एक तक्रार मात्र आहे. आमच्या रत्नागिरीकडे आरती ऐकायची नसते, म्हणायची असते, बेसूर काकांसकट. असले तयार गाणे माणसाला नुसता श्रोता करून ठेवते. तरी गेल्या भाद्रपदात वाडीतल्या पोरांनी झांजांवर हेच धरले. शब्द निम्मे चुकले, पण ‘आय’पाशी सगळे एकत्र आले.