नातवंडांचा हौद : पंप आणि फिल्टर यांची जोडी



शाबुओथ झाला की ऊन तापू लागते. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत आईवडील कामावर जातात आणि मुले आपल्यापाशी असतात. मग अंगणात प्लॅस्टिकचा गोल हौद मांडला जातो. या हौदाचे पाणी स्वच्छ ठेवणे हा आरोग्याचाच विषय आहे. घाण पाण्याने डोळे येतात, कान दुखतात, जुलाब लागतात. आणि गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल वरून दिसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या हौदाचे पाणी गढूळ झाले. मी जुन्या फिल्टरला मोठा पंप जोडला. पाणी अधिकच गढूळले आणि धाकट्या नातवाचा कान आठवडाभर ठणकला. चूक माझीच होती.

नारळाचे दूध फडक्यातून गाळताना काय होते ते आठवा. फडके फार जोराने दाबले तर चोथाही खाली उतरतो. फिल्टरचेही तसेच आहे. पंप फार जोरदार असला तर बारीक घाण फिल्टरमधून पार होऊन पुन्हा हौदात येते. पंप अशक्त असला तर पाणी पुरेसे फिरतच नाही. म्हणून जोडी जमली पाहिजे.

पहिला हिशोब : हौदात पाणी किती? हौदाची रुंदी मीटरमध्ये मोजा. रुंदी गुणिले रुंदी, गुणिले ०.७८५, गुणिले पाण्याची खोली. रुंदी ३ मीटर आणि खोली ६० सेंटिमीटर, म्हणजे ०.६ मीटर, असेल तर उत्तर येते ४.२४ घनमीटर, म्हणजे सुमारे ४,२४० लिटर.

दुसरा हिशोब : पंप केवढा? सगळे पाणी दिवसातून दोनदा फिल्टरमधून जावे. एका फेरीने भागत नाही, कारण गाळलेले पाणी हौदातल्या न गाळलेल्या पाण्यातच मिसळत असते. सकाळी मुले उतरण्यापूर्वी ३ तास आणि संध्याकाळी ती बाहेर आल्यावर ३ तास पंप चालवायचा, तर ४,२४० भागिले ३, म्हणजे ताशी सुमारे १,४०० लिटर पाणी फिरले पाहिजे. खोक्यावर लिहिलेला आकडा मात्र प्रत्यक्षात मिळत नाही. नळी आणि मळलेला फिल्टर पाणी अडवतात. म्हणून खोक्यावर ताशी २,००० लिटर लिहिलेला पंप घ्यावा.

तिसरा हिशोब : फिल्टर केवढा? फिल्टरवर लिहिलेला कमाल प्रवाह पंपाच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असावा, कमी कधीच नको. फिल्टर थोडा मोठा असला तर उत्तम. तो उशिरा भरतो. लहान हौदाला घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर पुरतो. तो काढून नळाखाली धुता येतो. वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवावा लागतो. त्यात पाणी वाया जाते आणि पंप अशक्त असला तर वाळू नीट धुतलीही जात नाही.

परतीच्या तोंडातून येणारी धार मंदावली की कार्ट्रिज धुवावा. धुऊनही धार वाढत नसेल तर नवा घालावा.

फिल्टर घाण अडवतो, पण जंतू मारत नाही. ते काम क्लोरीनचे. तपासणीच्या पट्टीवर क्लोरीन १ ते ३ आणि पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. कडक उन्हात क्लोरीन लवकर उडतो, म्हणून रोज तपासा. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये. काही जंतू क्लोरीनमध्येही कित्येक दिवस जगतात.

आता जिवाच्या गोष्टी. मुले पाण्यात असताना पंप बंद आणि त्याची पिन काढलेली असावी. पंपाच्या ओढीत केस अडकू शकतात आणि पाण्याशेजारी वीज धोक्याचीच. तारांचे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. घरच्या वीजपेटीतल्या पाखातचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा; दाबताच वीज गेली पाहिजे. रोजच्या वेळांसाठी शब्बाथचे घड्याळ वापरता येते, पण ते मुलांच्या पोहण्याच्या वेळी पंप सुरू करणार नाही असेच लावा.

आणि रोज सकाळी एक परीक्षा करा. हौदाच्या काठाशी उभे राहून तळ पाहा. तळ स्पष्ट दिसला तरच मुलांना पाण्यात सोडा. तळ दिसत नसेल तर नातवंडे कितीही रडोत, त्या दिवशी पोहणे नाही. आणि ती पाण्यात असेपर्यंत आपण खुर्ची हौदाशीच ठेवावी. फोन वाजला तर वाजू द्यावा.

सर्वांना निरोगी उन्हाळा लाभो.