सेटलमेंट केली, सुटका नाही झाली

क्रेडिट कार्डाचे पैसे थकले म्हटलं की लोक एकच बोलतात, ‘उधळपट्टी केली असेल.’ माझ्या कार्डावर ना टीव्ही होता, ना गोव्याची सहल. बायकोच्या ऑपरेशनचं अकोल्याच्या दवाखान्यातलं बिल होतं. भरणा थकला तो सोयाबीनमुळे. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि वाशिमच्या बाजारात चार हजारांच्या आसपास भाव मिळाला तरी माणूस निमूट माल टाकून येत होता.

कार्ड देताना बँकेचा पोरगा गोड बोलला होता, ‘काका, अडचण आली तर नुसतं मिनिमम भरा.’ मी भरत होतो. त्यातला हिशेब त्याने सांगितला नाही, तो मी सांगतो. ५०,००० बाकी, महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,७५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३१५. तुम्ही पाच टक्के मिनिमम म्हणून २,५०० भरले, तर मुद्दल फिटतं फक्त ४३५ रुपये. शिवाय बाकी शिल्लक असताना नवी खरेदी केली तर तिला बिनव्याजी मुदत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. व्याज वर्षाला ३० टक्क्यांच्या वर नको, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा कोणी वाचवायला येईल या भरवशावर राहू नका.

मग मिनिममही जमेना आणि वसुलीवाले सुरू झाले. मला फोन केले त्याचं काही नाही. देणं होतं, ऐकून घेतलं. पण अर्जावर संपर्कासाठी मुलीचा नंबर दिला होता, तर यांनी रात्री नऊला तिच्या सासरी फोन लावला! ‘तुमचे वडील फरार आहेत का? सासऱ्यांना द्या फोन.’ मी घरीच होतो, माळेगावात, वावरातून येऊन जेवत होतो. व्याह्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. शेजारचा मात्र विचारायला चुकला नाही, ‘काऊन हो भाऊ, बँकवाले तुमची चौकशी काऊन करून रायले?’

त्या अपमानापायी मी सेटलमेंट केली. एजंट म्हणाला, ‘एवढे एकरकमी भरा, खातं निल होऊन जाईल.’ बायकोची पोत मोडली आणि भरले.

खरा दणका त्यानंतरच्या खरिपात बसला. पीककर्जाला गेलो, तर साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. ‘सिबिलला सेटल्ड दिसतंय.’ मी पावती काढली. ते म्हणाले, ‘पावती खरी आहे. पण तुम्ही पूर्ण भरले नाहीत, बँकेने उरलेले सोडले, असा याचा अर्थ.’ पोत गेली, नाव खराबच राहिलं, आणि हे मला पैसे घेणाऱ्याने नाही, तिसऱ्याच माणसाने सांगितलं. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलं होतं. ते मी बोलून दाखवलं. साहेब नुसते हसले. शेवटी बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर उचललं, माल निघाल्यावर व्याजासकट द्यायच्या बोलीवर.

म्हणून सांगतो:

सेटलमेंट तोंडी करू नका. बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या, भरणा कार्डाच्या खात्यातच करा, एजंटच्या नंबरवर नको. सिबिलला ‘सेटल्ड’ जाणार की ‘क्लोज्ड’, हे आधी लेखी विचारा. सोडलेली रक्कम पुढे भरून ‘नो ड्यूज’ घेता येतं आणि मग नोंद बदलून मागता येते.

वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावलं आहे. रेकॉर्डिंग ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, माहितीसाठी फोन १४४४८.

व्हॉट्सअॅपवर ‘अटक वॉरंट’ आलं तर घाबरू नका. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे. मात्र चेक किंवा ऑटो डेबिट परत गेलं तर फौजदारी तक्रार होऊ शकते. कोर्टाची खरी नोटीस आली तर हजर राहा. लोकअदालतीत तडजोड होते, पण तिच्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी वाचा.

त्याच बँकेत बचत खातं असेल तर पिकाचे पैसे तिथे ठेवू नका. बँक थकबाकीपोटी वळते करून घेऊ शकते. वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल फुकट मिळतो, तो पाहा. अंथरूण पाहून पाय पसरा, हे तर सगळेच सांगतात. दवाखान्यात अंथरूण कोण बघतो?

आणि कार्डाच्या अर्जावर लेकीचा नंबर कधीही देऊ नका.