एका निरोपाचा प्रवास

गेल्या उन्हाळ्यात मी नववीत होते. वार्षिक परीक्षा जवळ आली होती. एके दिवशी दुपारी आईच्या मोबाइलवर एक निरोप आला. "आपल्या शाळेजवळची कुल्फी खाऊन दोन मुले दवाखान्यात. सावध राहा. हा निरोप सर्वांना पाठवा." सोबत खाटेवर झोपलेल्या दोन मुलांचे छायाचित्र होते. मी तो निरोप तीन गटांना पाठवला: नातेवाइकांचा गट, वर्गाचा गट आणि शिकवणीचा गट. या कामाला मला अर्धा मिनिटही लागला नसेल. आपण एक चांगले काम केले, असेच मला वाटले.

शाळेच्या फाटकाशी लाल फडके गुंडाळलेले मडके हातगाडीवर ठेवून एक कुल्फीवाले मामा उभे राहत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी गाडीच आली नाही.

विज्ञानाच्या बाईंनी वर्गात विचारले, "आजारी पडलेली मुले कोणत्या वर्गातली?" कोणालाच सांगता येईना. "बरे, हा निरोप तुम्हाला कोणी पाठवला?" याचे उत्तर मात्र प्रत्येकापाशी होते. तेव्हा बाई म्हणाल्या, "मग आपण या निरोपाचाच अभ्यास करू. फुलाचा करतो, बेडकाचा करतो, तसा." त्या अभ्यासात मी जे शिकले, ते येथे सांगणार आहे.

बिंदू आणि रेषा

बाईंनी आधी फळ्यावर एक नदी काढली. अठराव्या शतकात क्यॉनिग्सबर्ग नावाचे एक शहर होते. (आज ते रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राद आहे.) नदीमुळे शहराचे चार भाग झाले होते व ते सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे शहर फिरता येईल का, असा लोकांना प्रश्न पडे. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये दाखवून दिले की, तसे करता येणार नाही. त्याने रस्त्यांची लांबी, घरे, बाजार सगळे बाजूला ठेवले. काय कशाला जोडलेले आहे, एवढेच पाहिले. जमिनीचा प्रत्येक भाग म्हणजे एक बिंदू आणि प्रत्येक पूल म्हणजे एक रेषा. यातूनच पुढे आलेख सिद्धांत ही गणिताची शाखा वाढली.

आम्हीही तसेच केले. प्रत्येक विद्यार्थी हा एक बिंदू. ज्याने निरोप पाठवला त्याच्यापासून ज्याला मिळाला त्याच्यापर्यंत बाण. मोठ्या कागदावर अशी आकृती काढता काढता तास संपला. पण आकृती काही संपेना. तीत माझ्या बिंदूपासून निघणारे बाण पाहून मला पहिल्यांदाच थोडी भीती वाटली.

न झिजणारी नक्कल

अफवा काही आजच्या नाहीत. पण पूर्वी ती तोंडोतोंडी जाई. कानगोष्टीच्या खेळात शेवटच्या मुलापर्यंत वाक्याचे काय होते, हे आपण जाणतोच. अंकीय निरोपाचे तसे होत नाही. संगणकात प्रत्येक अक्षर अंकांच्या रूपाने साठवतात आणि ते अंक शेवटी ० व १ या दोनच चिन्हांनी लिहितात. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत 'कुल्फी' हा शब्द क, उकार, ल, हलन्त, फ आणि ईकार अशा सहा खुणांचा मिळून होतो. नेहमीच्या मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट, म्हणजे २४ बिट लागतात. तेव्हा 'कुल्फी' म्हणजे १४४ शून्ये व एके. ही ओळ हजार वेळा उतरवली तरी हजारावी प्रत पहिलीसारखीच! वाटेत एखादा अंक चुकलाच, तर ती चूक ओळखून तो भाग पुन्हा मागवण्याची सोय जाळ्यात केलेली असते.

संगणकांचे हे जाळे फार जुने नाही. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला निरोप धाडण्यात आला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. पण त्यातली 'एल' आणि 'ओ' ही दोनच अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली! आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. दोन अक्षरांवर अडखळलेले ते जाळे आज आईच्या मोबाइलपर्यंत येऊन पोहोचले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाळे अक्षरे जशीच्या तशी पोहोचवते. ती खरी की खोटी, हे त्या शून्य-एकांत कोठेच लिहिलेले नसते. निरोप स्वच्छ आणि नीटनेटका दिसतो, म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो. माझे तसेच झाले होते.

तो इतक्या लवकर पसरला कसा?

समजा, प्रत्येकाने निरोप पाच नव्या लोकांना पाठवला. पहिल्या टप्प्यात ५, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात १२५, मग ६२५, ३,१२५ आणि सहाव्या टप्प्यात १५,६२५. दहाव्या टप्प्यात ही संख्या ९७ लाखांच्या वर जाते. हे गणित बरोबर आहे. पण त्यात एक खोच आहे. 'नव्या' हा शब्द पुन्हा वाचा. आमच्या वर्गात ४० मुले. एकाने पाच जणांना व त्यांनी प्रत्येकी आणखी पाच जणांना कळवले की १ + ५ + २५ = ३१ मुले झाली. आता उरली फक्त ९. पुढचे १२५ निरोप बहुतेक करून ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांच्याकडेच जाणार. मित्रांचे मित्र पुष्कळदा आपलेही मित्र असतात. म्हणून निरोप एकाच घोळक्यात फिरत राहायला हवा.

मग तो शेजारच्या तालुक्यात कसा गेला? याचे उत्तर आमच्या आकृतीतच होते. तो माझ्या नातेवाइकांच्या गटातून, माझ्या मावसभावामार्फत गेला होता. असे लांबचे दुवे संख्येने थोडे असतात. पण ते फार मोठे काम करतात. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी १९९८ मध्ये हे गणिताने दाखवले. तुम्हीही पडताळून पाहा. वर्तुळावर २० बिंदू काढून त्यांना क्रमांक द्या. प्रत्येक बिंदू फक्त दोन्ही शेजाऱ्यांना जोडा. पहिल्या बिंदूपासून सर्वांत दूरचा बिंदू कोणता? अकरावा, तेथे जायला १० पावले लागतात. आता १ आणि ११ यांना जोडणारी एकच रेषा मधून काढा. पहिल्या बिंदूपासून कोणताही बिंदू आता ५ पावलांहून दूर उरत नाही. एका रेषेने अंतर निम्मे झाले!

खोटे जास्त का धावते?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या तीन संशोधकांनी २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. त्या सुमारे ३० लाख लोकांनी पसरवल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त आढळली. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. आपोआप निरोप धाडणारे संगणकी कार्यक्रम हिशेबातून वगळून पाहिले, तरी निष्कर्ष तोच राहिला. म्हणजे दोष यंत्रांवर ढकलता येत नाही. खोटी बातमी नवी, चकित करणारी असते आणि नवे काही सांगण्याचा मोह माणसाला आवरत नाही.

या मोहाची किंमत काय होऊ शकते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप २०१८ मध्ये मोबाइलवरून गावोगाव पोहोचत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे तेथे आली होती. त्यांपैकी बहुतेक जण मूळचे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारे समजून जमावाने त्या पाचही निरपराध माणसांचा जीव घेतला. बाईंनी हे सांगितले तेव्हा वर्गात कोणी बोलले नाही.

"मी एकटीने न पाठवून काय होणार?"

हा प्रश्न मीच बाईंना विचारला. त्यांनी फळ्यावर दोन उदाहरणे लिहिली.

पहिले: १०० लोकांना निरोप मिळाला आणि दर १० वाचकांमागे ११ नव्या वाचकांकडे तो गेला. १००, ११०, १२१... असे करत पंचविसाव्या टप्प्यात एका टप्प्यातच १,०८३ नवे वाचक होतात. तोवरचे एकूण वाचक सुमारे ११ हजार होतात आणि वाढ चालूच राहते.

दुसरे: दर १० वाचकांमागे ११ ऐवजी ९ नवे वाचक. १००, ९०, ८१, ७३... संख्या घटत जाते. असे कितीही टप्पे झाले तरी एकूण वाचक हजाराच्या पुढे जात नाहीत. निरोप आपोआप विझतो.

दोहोंत फरक किती? दर दहा जणांमागे फक्त दोन वाचकांचा! एका वाचकामागे सरासरी एकाहून जास्त नवे वाचक झाले तर निरोप वाढतो, एकाहून कमी झाले तर मरतो. साथीच्या रोगाचे गणितही असेच असते. दहा जणांपैकी एखाद-दुसरा थांबला, तरी पारडे फिरू शकते. तेव्हा 'मी एकटी' हा शब्द या गणितात क्षुल्लक नाही.

याच विचाराने जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. पण त्या काळी एका गटात २५६ सभासद असू शकत. पाच गट म्हणजे १,२८० माणसे. यंत्रावर घातलेला बांध उपयोगी आहे, तरी पुरेसा नाही. दुसरा बांध आपल्या बोटापाशीच घालावा लागतो.

मागे जाताना

आम्ही बाणांच्या उलट दिशेने गेलो. माझ्या मागे तीन माणसे सापडली. चौथ्याला निरोप कोठून आला, हे आठवेना. ग्रामीण रुग्णालयात चौकशी केली; असे रुग्ण आलेच नव्हते. छायाचित्र इंटरनेटवर शोधले, तेव्हा ते काही वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याच राज्यातील बातमीतले निघाले. हे सारे करायला एक दुपार पुरली. निरोप पाठवण्यापूर्वी मी ही दुपार खर्च केली नव्हती.

मग आम्ही त्याच गटांना खुलासा पाठवला. पहिला निरोप धावला होता. हा मात्र चालत गेला. मावसभावाने तो वाचला, पण पुढे पाठवला नाही. "त्यात काय सांगायचं?" असे तो म्हणाला.

कुल्फीवाल्या मामांचे घर शोधून मी बाबांबरोबर गेले. निरोप मीही पाठवला होता, हे त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, उरलेली कुल्फी रोज रात्री माझीच पोरं खात होती. एकदा विचारायला तरी यायचं होतंस."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मामा आता बसस्थानकाजवळ उभे राहतात. आमच्या फाटकाशी परत आलेले नाहीत. मोठ्या कागदावरची ती आकृती आमच्या प्रयोगशाळेत लावलेली आहे. तीत एक बिंदू माझा आहे.

करून पाहा

१. वर दिलेल्या २० बिंदूंच्या वर्तुळात १–११ या रेषेऐवजी १–६ अशी रेषा काढा. पहिल्या बिंदूपासून सर्वांत दूरचा बिंदू आता किती पावलांवर आहे?

२. तुमच्याकडे आलेला एखादा निरोप घ्या आणि उलट दिशेने किती माणसांपर्यंत जाता येते ते पाहा. वाट कोठे तुटली, ते वहीत लिहा.

३. दर १० वाचकांमागे ५ नवे वाचक असतील, तर १०० वाचकांपासून सुरू झालेला निरोप एकूण किती जणांच्या पुढे जाणार नाही?