घास घोळवत बसणारं पोर

प्रश्न : आमचा नातू आठ वर्षांचा. रक्तात इओसिनोफिल वाढलेत म्हणून उदगीरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. फरक नाही. आता अन्ननलिकेची ॲलर्जी असेल, दुर्बीण घालून बघू म्हणतात. ॲलर्जी म्हणजे शिंका नाहीतर अंगावर गांधी. ती अन्ननलिकेतही होते का?
— एक आजोबा, ठाणाकुशनूर (जि. बीदर)

उत्तर : होते, आजोबा. आधी जंतांवर संशय घेतला हे बरोबरच झालं. या इओसिनोफिल पेशी जंतांशी झुंजायला आणि ॲलर्जीत वाढतात. आपल्याकडे जंतच जास्त. शाळेत अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात ती उगीच नाही.

जठर-आतड्यांत या पेशी थोड्या असतातच, निरोगी अन्ननलिकेत मात्र जवळपास नसतात. तिथल्या अस्तराच्या तुकड्यात, सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेच्या टप्प्यात १५ किंवा अधिक दिसल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर हा आजार : इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. रक्ताच्या रिपोर्टवर तो ठरत नाही, म्हणून दुर्बीण. वेगळा आजार म्हणून तो १९९३-९४च्या सुमारास ओळखला गेला. तुमच्या कानावर नाव नसलं तर नवल नाही.

आता नातू जेवतो कसा ते बघा. घास गालात घोळवतो? घासागणिक पाण्याचा घोट? सगळे हात धुऊन उठले तरी याचं ताट अर्धंच? घरात याला लाड म्हणतात. मग आजी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून देते, ती सरसर उतरते आणि गिळण्याचा त्रास झाकला जातो. पंचाईत अशी, की या आजारात सर्वांत जास्त वेळा दोषी ठरतं ते दूधच! त्याखालोखाल गहू, अंडी, सोयाबीन. शेंगदाणे, काजू-बदाम आणि मासेही संशयितांत. ज्वारी त्या नेहमीच्या यादीत नाही, एवढं आपल्या भागाचं नशीब.

पण आजपासून दूध बंद, असं करू नका. तपासणीआधी पथ्य केलं तर पेशी कमी होऊन निदान हुकू शकतं. कातडीवर टोचून करायची ॲलर्जीची चाचणीही इथे भरवशाची नाही. पदार्थ बंद करायचा, काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, असंच शोधावं लागतं. वाढत्या पोराचं दूध तोडायचं तर आहारतज्ज्ञाला विचारूनच. पथ्याऐवजी आम्ल कमी करणारं औषध, किंवा दम्यातलं ब्युडेसोनाइड घट्ट करून गिळायला देतात. त्यानंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही.

घास अडकून लाळही गिळता येईना, तर केळं चारून ढकलू नका. रात्र असली तरी मोठा दवाखाना गाठा.